निवडीचं स्वातंत्र्य आणि बंद शाळा : अमेरिकेतल्या शाळानिवडीचा इतिहास

 

आजचा विषय आहे अमेरिकेतली शाळानिवड आणि वर्णानुसार वेगळ्या शाळा. शाळानिवड म्हणजे काय, ते आधी सांगून टाकू. सरकारने शिक्षणासाठी ठेवलेला पैसा थेट शाळेला न देता पालकांच्या हाती द्यायचा, किंवा निदान अमुकच शाळेत गेलं पाहिजे ही सक्ती काढायची, आणि मूल कुठे घालायचं ते पालकांनी ठरवायचं. असा पैसा ज्या रूपाने देतात त्याला तिकडे व्हाउचर म्हणतात. ॲरिझोनाने २०२२ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२३ मध्ये अशी योजना राज्यातल्या सगळ्या मुलांसाठी खुली केली. टेक्सासने २०२५ मध्ये मोठा कायदा केला. म्हणजे विषय ताजा आहे.

यावरचा वाद बहुतेक वेळा अर्थशास्त्राच्या अंगाने होतो. स्पर्धेमुळे शाळा सुधारतात का, खर्च वाचतो का, वगैरे. आज आपण त्यात फार शिरणार नाही. आपण इतिहासात जाणार आहोत. व्हरमाँट आणि मेन या उत्तरेकडच्या राज्यांत एकोणिसाव्या शतकापासून एक पद्धत आहे. ज्या छोट्या गावात स्वतःची शाळा नाही, ते गाव आपल्या मुलांची दुसरीकडची फी भरतं. ती सोय होती. पण धोरण म्हणून, राज्याच्या पातळीवर, निवड हा शब्द पुढे करून सरकारी पैसा खासगी शाळांकडे वळवण्याचं काम १९५०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत सुरू झालं. ते कुणी केलं, कशासाठी केलं, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे आज बघू.

फार्मव्हिलचा संप

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. तिचं मुख्य गाव फार्मव्हिल. तंबाखूची शेती, लाकूडतोड, दोन कॉलेजं, असा तो भाग. तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल होतं. १९३९ साली १८० मुलांसाठी बांधलेलं. १९५१ पर्यंत तिथे ४५० च्या वर मुलं झाली होती. जिमखाना नाही, जेवणाची खोली नाही. जागा पुरेना म्हणून काउंटीने आवारात लाकडी खोपटी उभी केली आणि त्यांना डांबरी कागद गुंडाळला. त्यात शेगडी. शेगडीजवळ बसणारा घामाघूम आणि लांब बसणारा कुडकुडत, असा वर्ग चालायचा. गावातल्या गोऱ्या मुलांच्या हायस्कूलची इमारत मात्र व्यवस्थित होती.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने तिथे संप घडवला. मुख्याध्यापकांना फोन गेला, की तुमची काही मुलं बसस्टँडवर अडचणीत आहेत. ते निघून गेले. मग वर्गावर्गांत त्यांच्या नावाने चिठ्ठी फिरली, सगळ्यांनी सभेला या. पडदा उघडला तर स्टेजवर मुख्याध्यापक नव्हते, बार्बरा उभी होती. त्या दिवशी सगळी शाळा बाहेर पडली.

मुलांची मूळ मागणी नव्या इमारतीची होती. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन फार्मव्हिलला आले. त्यांनी अट घातली, की नुसती चांगली वेगळी शाळा मागणार असाल तर आम्ही येत नाही, वेगळेपणालाच आव्हान द्यायचं असेल तर येतो. मुलं आणि पालक तयार झाले. रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन हे तिथले पाद्री त्यांच्या पाठीशी उभे राहिले. महिन्याभरात ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने खटला दाखल झाला. बार्बराला धोका आहे हे ओळखून घरच्यांनी तिला अलाबामात मॉन्टगोमेरीला तिच्या काकांकडे पाठवलं. काउंटीनेही एक गंमत केली. खटला चालू असतानाच १९५३ मध्ये मुलांची नवी इमारत बांधून दिली. दोन वर्षांपूर्वी पैसे नव्हते, ते आता कुठून आले, हा प्रश्न आपण विचारू शकतो.

पुढे सर्वोच्च न्यायालयात पाच ठिकाणचे खटले एकत्र आले. कॅन्ससमधल्या टोपेका गावचा ब्राउन यांचा खटला यादीत पहिला, म्हणून सगळ्याला 'ब्राउन' हे नाव पडलं. पण त्या पाचांत विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला खटला हा एकच, फार्मव्हिलचा. १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं, की वर्णावरून मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा ठेवणं घटनाबाह्य आहे. एका वर्षाने, ३१ मे १९५५ ला, अंमलबजावणीचा निकाल आला. त्यात मुदत दिली नव्हती. 'विचारपूर्वक वेगाने' करा, एवढंच म्हटलं होतं. या दोन शब्दांतला 'विचारपूर्वक' हा शब्द दक्षिणेने उचलला आणि 'वेग' तिथेच ठेवला.

निवड हा शब्द कामाला लागतो

व्हर्जिनियाचं राजकारण त्या काळी सिनेटर हॅरी बर्ड यांच्या मुठीत होतं. त्यांनी १९५६ मध्ये 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली. राज्याने कायदे केले, की जी सरकारी शाळा गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र बसवेल ती बंद होईल, तिचा निधी थांबेल. आणि जोडीला एक सोय केली. ज्या पालकांना खासगी शाळा हवी त्यांना राज्य फी-अनुदान देईल. त्यासाठी राज्यघटना आड येत होती, कारण सरकारी पैसा खासगी शाळांना द्यायला तिच्यात मनाई होती. तर १९५६ मध्ये मतदारांचा कौल घेऊन राज्यघटनाच बदलली.

सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल आणि नॉर्फोक इथल्या शाळांना कुलपं लागली. सुमारे १३ हजार मुलं घरी बसली. ही बहुतेक गोरी मुलं होती, हे लक्षात घ्या. काळ्या मुलांना प्रवेश द्यायला लागू नये म्हणून गोऱ्यांच्या शाळा बंद केल्या. मग मात्र गोऱ्या पालकांमध्येच चुळबुळ सुरू झाली, व्यापारी मंडळींना राज्याच्या नावाची काळजी वाटू लागली. १९ जानेवारी १९५९ रोजी राज्याच्या आणि संघराज्याच्या, अशा दोन्ही न्यायालयांनी एकाच दिवशी ते कायदे रद्द केले.

इथे प्रतिकाराने कूस बदलली. आता राज्याची भाषा वेगळी झाली. आम्ही कुणाला एकत्र बसायला भाग पाडणार नाही, वेगळं बसायलाही नाही. शाळेत पाठवायचं की नाही हे स्थानिक पातळीवर ठरेल. ज्याला खासगी शाळा हवी त्याला अनुदान मिळेल, वर्णाचा उल्लेखही नाही. या नव्या धोरणाला त्यांनी दिलेलं नाव होतं 'निवडीचं स्वातंत्र्य'.

कायद्याचा कागद वाचला तर त्यात आक्षेप घ्यावा असं काही सापडत नाही. काळ्या मुलाच्या आईबापांनाही अनुदान मिळणारच होतं. पण ते घेऊन ते कुठे जाणार? खासगी शाळा त्यांच्या मुलाला घेणार का, या प्रश्नाचं उत्तर कायदा देत नव्हता, कारण ते उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

पाच वर्षं

प्रिन्स एडवर्ड काउंटीने शेवटची पायरी गाठली. जून १९५९ मध्ये तिथल्या पर्यवेक्षक मंडळाने, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी, शाळेसाठी कर बसवायचंच नाकारलं. कर नाही म्हणजे निधी नाही, निधी नाही म्हणजे शाळा नाही. त्या सप्टेंबरात काउंटीतली एकही सरकारी शाळा उघडली नाही. ना गोऱ्यांची, ना काळ्यांची. समानता म्हणायची तर ही पूर्ण समानता होती.

गोऱ्या मुलांसाठी तयारी आधीच झाली होती. एका खासगी प्रतिष्ठानाने प्रिन्स एडवर्ड अकॅडमी काढली. चर्च, सभागृह, जिथे जागा मिळाली तिथे वर्ग भरले. सुमारे १,५०० मुलं तिकडे गेली. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. १९६० पासून अनुदान सुरू झालं. राज्याकडून प्राथमिकच्या मुलामागे १२५ डॉलर आणि हायस्कूलच्या मुलामागे १५० डॉलर, वर काउंटीकडून १०० डॉलर. शिवाय अकॅडमीला देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे शाळेसाठी कर घ्यायला जी काउंटी तयार नव्हती, ती खासगी शाळेसाठी करातला हिस्सा सोडायला तयार होती. नावाला खासगी असली तरी अकॅडमीचा मोठा आधार हा सार्वजनिक पैसाच होता.

आणि सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलं? त्यांच्यासाठीही खासगी शाळा काढून देण्याचा प्रस्ताव गोऱ्या पुढाऱ्यांनी दिला. पालकांनी तो नाकारला. हा नकार समजून घेण्यासारखा आहे. तो स्वीकारला असता तर वेगळ्या शाळा त्यांनी स्वतः निवडल्या असं झालं असतं, आणि ज्या खटल्यासाठी आठ वर्षं घालवली तो तिथेच संपला असता. पण त्या नकाराची किंमत मुलांनी दिली. काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या काउंटीत पाठवलं. काही हायस्कूलची मुलं नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजात गेली. क्वेकरपंथीयांच्या एका संस्थेने काही मुलांची सोय इतर राज्यांतल्या कुटुंबांत केली. चर्चच्या तळघरात थोडा वेळ वाचन-लेखन शिकवणारी केंद्रं चालली, पण ती शाळा नव्हती. बाकीची मुलं शेतात गेली, घरी धाकट्यांना सांभाळत राहिली. जे मूल १९५९ मध्ये सहा वर्षांचं होतं ते दहा-अकरा वर्षांचं होईतो शाळा कशी असते हे त्याला माहीत नव्हतं. शाळेतल्या काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या त्या वेगळ्याच.

गरीब गोऱ्या कुटुंबांचीही कुचंबणा झाली. १९६१ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने सांगितलं, की सरकारी शाळा बंद आहेत तोवर अनुदान देता येणार नाही. मग अकॅडमीला फी लावावी लागली आणि ज्यांना ती झेपेना अशी काही गोरी मुलंही बाहेर राहिली. हा तपशील पुष्कळदा सुटतो.

१९६३ मध्ये केनेडी सरकारच्या प्रयत्नाने, खासगी देणग्यांतून एक वर्षासाठी 'फ्री स्कूल' उघडल्या. न्यूयॉर्क राज्यातून नील सलिव्हन नावाचे शिक्षणाधिकारी आले. सुमारे दीड हजार मुलं आली, त्यात मोजकी गोरी मुलंही होती. वयाने मोठी आणि अक्षरओळख विसरलेली मुलं कोणत्या इयत्तेत बसवायची, हा पहिला प्रश्न होता. म्हणून इयत्ताच बाजूला ठेवून, ज्याला जे येतं तिथून सुरुवात केली.

२५ मे १९६४ रोजी ग्रिफिन खटल्याचा निकाल लागला. ग्रिफिन म्हणजे त्याच पाद्र्यांचं कुटुंब. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं, की नुसत्या 'विचारपूर्वक वेगा'चा काळ संपला आहे, आणि गरज पडली तर न्यायालय काउंटीला कर बसवायचा आदेश देऊ शकतं. त्या सप्टेंबरात शाळा उघडल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये पर्यवेक्षक मंडळाने रात्रीतून बैठक घेऊन सुमारे १ लाख ८० हजार डॉलर फी-अनुदान म्हणून गोऱ्या पालकांना वाटून टाकले. न्यायालयाचा नवा आदेश येण्याआधी चेक वटले पाहिजेत, एवढीच घाई. पुढे त्यावरून न्यायालयाचा अवमान झाल्याचं ठरलं.

फ्रीडमन यांचा निबंध

आता एक प्रश्न नेहमी येतो, की व्हाउचरची कल्पना तर अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांची, तिचा वर्णद्वेषाशी काय संबंध? फ्रीडमन यांचा 'शिक्षणात सरकारची भूमिका' हा निबंध १९५५ सालचा. त्यांचा युक्तिवाद असा, की सरकारने शिक्षणाचा खर्च करावा, पण शाळा सरकारनेच चालवल्या पाहिजेत असं नाही. या युक्तिवादाची मुळं दक्षिणेत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. निबंधाच्या एका तळटीपेत त्यांनी दक्षिणेतल्या हालचालींची दखल घेतली. आपल्याला वर्णविभाजन आवडत नाही असं स्पष्ट म्हटलं. पण सक्तीचं विभाजन आणि सक्तीचं एकत्रीकरण दोन्ही नकोत, फक्त गोऱ्यांच्या, फक्त काळ्यांच्या आणि मिश्र अशा तिन्ही शाळा असाव्यात, पालकांनी निवड करावी, असा तोडगा सुचवला.

या तोडग्यात तिन्ही प्रकारच्या शाळांना समान जागा आहे. प्रत्यक्षात काय झालं ते आपण आत्ताच पाहिलं. पहिल्या प्रकारच्या शाळेकडे इमारती, देणग्या, बँका आणि काउंटीचं मंडळ होतं. हेतू चांगला होता की वाईट, यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे असं आम्हाला वाटतं : निवड सुरू होते त्या दिवशी कोण कुठे उभं आहे?

न्यू केंट : दोन शाळा, एकवीस बस

फी-अनुदान हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग सरकारी शाळांच्या आतच होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सांगितलं, की वर्णभेद करणाऱ्या संस्थेला संघराज्याचा पैसा मिळणार नाही. १९६५ मध्ये शाळांसाठी तो पैसा भरपूर वाढला. तेव्हा दक्षिणेतल्या शेकडो शिक्षण मंडळांनी 'निवडीचं स्वातंत्र्य' योजना कागदावर आणली. दरवर्षी पालकांना एक फॉर्म यायचा. मुलाला कुठल्या शाळेत घालायचं ते भरा.

व्हर्जिनियातली न्यू केंट काउंटी घेऊ. तिथे दोनच शाळा. पूर्वेला गोऱ्यांची न्यू केंट, पश्चिमेला काळ्यांची वॉटकिन्स. सुमारे १,३०० मुलं, त्यात ७४० काळी आणि ५५० गोरी. वस्ती मिसळलेली होती, वेगळे मोहल्ले नव्हते. मुलांना जवळच्या शाळेत घातलं असतं तर शाळा आपोआप मिश्र झाल्या असत्या. त्याऐवजी २१ बस काउंटीभर एकमेकींच्या रस्त्यांवरून फिरत होत्या. ११ काळ्या शाळेच्या आणि १० गोऱ्या शाळेच्या. तीन वर्षांत किती गोऱ्या मुलांनी वॉटकिन्स शाळा निवडली? एकानेही नाही. ११५ काळी मुलं न्यू केंट शाळेत गेली. ८५ टक्के काळी मुलं होती तिथेच राहिली.

मंडळाचं म्हणणं, की आम्ही दार उघडलं, ती आलीच नाहीत, त्यांची निवड. पण तो फॉर्म भरणं म्हणजे काय होतं ते मिसिसिपीतल्या ड्रू गावच्या कार्टर कुटुंबाकडे पाहिलं की कळतं. मे बर्था आणि मॅथ्यू कार्टर हे कापसाच्या मळ्यावर वाट्याने शेती करायचे. १९६५ मध्ये त्यांनी फॉर्मवर सात मुलांसाठी गोऱ्यांची शाळा लिहिली. घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुकानातली उधारी बंद झाली. पुढे मळाही सोडावा लागला. मुलं शाळेत जात राहिली, पण वर्गात कुणी शेजारी बसत नसे. फॉर्म जिथे भरायचा ते घर मालकाचं, बियाण्याचं कर्ज मालकाचं, आणि फॉर्मवर सही आपली. अशा वेळी ८५ टक्के लोकांनी ती जोखीम घेतली नाही, तर त्याला पसंती म्हणायचं का?

न्यू केंटमध्ये एनएएसीपीचे स्थानिक अध्यक्ष कॅल्विन ग्रीन यांनी आपल्या मुलाच्या नावाने खटला केला. २७ मे १९६८ रोजी न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकालपत्र वाचलं. त्याचा सारांश असा : निवड हे साधन आहे. त्याने वेगळ्या शाळा संपत असतील तर ठेवा. संपत नसतील तर दुसरं साधन शोधा, आणि ते आता शोधा. विभाजन मंडळाने केलं, तर ते मोडायचं ओझं मंडळाने उचलायचं, आईबापांवर टाकायचं नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. दक्षिणेतल्या काळ्या मुलांपैकी गोऱ्यांचं बहुमत असलेल्या शाळेत जाणारी मुलं १९६४ मध्ये सुमारे २ टक्के होती. १९६७ मध्ये सुमारे १४ टक्के. १९७० मध्ये ३३ टक्के. १९८८ मध्ये हा आकडा ४३ टक्क्यांवर गेला, आणि त्यानंतर खाली येऊ लागला. फॉर्मच्या भरवशावर जे होत नव्हतं ते आदेशाने दोन-तीन वर्षांत झालं.

अकॅडम्या आणि उपनगरं

पण मग गोऱ्या पालकांनी काय केलं? मिसिसिपीच्या होम्स काउंटीत १९६९ मध्ये तात्काळ एकत्रीकरणाचा आदेश आला, आणि काही वर्षांतच सरकारी शाळांत गोरी मुलं नावापुरतीही उरली नाहीत. दक्षिणभर नव्या खासगी शाळा उगवल्या. लोक त्यांना 'सेग्रिगेशन अकॅडमी' म्हणतात, म्हणजे वेगळं राहण्यासाठी काढलेल्या शाळा. त्यांचा सार्वजनिक आधार न्यायालयांनी एकेक करून काढून घेतला. १९६९ पर्यंत लुइझियाना, मिसिसिपी आणि व्हर्जिनियाची फी-अनुदानं रद्द झाली. १९७३ मध्ये मिसिसिपीने अशा शाळांना सरकारी पाठ्यपुस्तकं देण्याला मनाई झाली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खासगी शाळेलाही निव्वळ वर्णावरून प्रवेश नाकारता येणार नाही. करसवलतही गेली. प्रिन्स एडवर्ड अकॅडमीची १९७८ मध्ये काढून घेतली. पुढे तिने धोरण बदललं, नाव बदललं, आणि आज ती फुक्वा स्कूल या नावाने चालते.

उत्तरेकडे मात्र वेगळं झालं. तिथे अकॅडमीची गरज नव्हती, उपनगर पुरेसं होतं. डेट्रॉइट शहरात काळी मुलं बहुसंख्य झाली आणि भोवतालच्या उपनगरांत गोरी. खालच्या न्यायालयाने शहर आणि ५३ उपनगरी शिक्षण मंडळं एकत्र धरून योजना करायला सांगितली. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती रद्द केली. उपनगरांनी स्वतः गुन्हा केल्याचं सिद्ध नाही, तर त्यांना ओढता येणार नाही. ब्राउन खटला लढलेले थर्गुड मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते. त्यांनी विरोधी मत लिहिलं.

इथे अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींचाही संबंध येतो. न्यू जर्सीत घर घेताना 'शाळा कशी आहे' हा पहिला प्रश्न असतो. ज्याला घराची किंमत परवडते त्याने शाळा निवडलेलीच असते, त्याला व्हाउचर लागत नाही. त्यात कुणाचा द्वेष नसतो. पण गावाच्या सीमा, घरांच्या किमती आणि शाळांची हद्द एकत्र आली की मुलांची वाटणी आपोआप होते. म्हणूनच १७ मे २०१८ रोजी, ब्राउन निकालाच्या तारखेला, न्यू जर्सी राज्याविरुद्ध शाळांमधल्या विभाजनाबद्दल खटला दाखल झाला.

मिलवॉकी : दुसरी बाजू

इथे थांबलो तर गोष्ट अर्धवट राहील. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात १९७६ मध्ये न्यायालयाने विभाजन बेकायदा ठरवलं. एकत्रीकरण झालं, पण बसमध्ये बसून लांब जायचं ओझं मुख्यतः काळ्या मुलांवर पडलं. त्यांच्या वस्तीतल्या शाळा बंद झाल्या किंवा गोऱ्या मुलांना खेचण्यासाठी खास शाळा बनल्या, आणि शेजारच्या मुलालाच तिथे जागा मिळेना. एवढं करून निकाल सुधारले नाहीत, असं पालकांचं म्हणणं.

पॉली विल्यम्स या तिथल्या कृष्णवर्णीय, डेमोक्रॅटिक पक्षाच्या आमदार. त्यांनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांच्याशी हातमिळवणी करून १९९० मध्ये व्हाउचरचा कायदा आणला. पहिल्या वर्षी ३४१ मुलं सात शाळांत गेली. या पालकांना जुना इतिहास माहीत नव्हता असं समजण्याचं कारण नाही. त्यांचा सवाल होता, की श्रीमंत माणूस घर बदलून शाळा बदलतो, मग आम्हालाच का थांबायला सांगता?

या सवालाला झटकून टाकता येत नाही. पण व्हर्जिनियाचं अनुदान आणि मिलवॉकीचं पहिलं व्हाउचर शेजारी ठेवून पाहा. व्हर्जिनियात उत्पन्नाची मर्यादा नव्हती, मिलवॉकीत ते फक्त गरीब कुटुंबांना होतं. व्हर्जिनियात शाळा मूल निवडत होती, मिलवॉकीत जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. व्हर्जिनियात सरकारी शाळा बंद करून अनुदान दिलं, मिलवॉकीत सरकारी शाळा चालू होत्या. साधन एकच, पण अटी उलट. पुढे मिलवॉकीच्या अटी सैल होत गेल्या, उत्पन्नाची मर्यादा वाढत गेली, तेव्हा खुद्द पॉली विल्यम्स यांनीच त्याला विरोध केला. त्या म्हणत, हे आम्ही गरीब मुलांसाठी मागितलं होतं.

काय हाती लागतं

तेव्हा शाळानिवड म्हणजे वर्णद्वेषच, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. आणि 'निवड' म्हटलं की ती सर्वांना सारखीच मिळते, हेही इतिहासात टिकत नाही. अशी कुठलीही योजना समोर आली तर तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटचा शब्द कुणाचा, पालकाचा की शाळेचा? ज्याने निवड केली नाही किंवा ज्याला करता आली नाही, त्याच्यासाठी मागे काय उरतं? आणि निवड करण्याची किंमत, मग ती बसची असो, फीची असो की कार्टर कुटुंबासारखी असो, कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या जिवावर जाते? आपल्याकडच्या शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचा विषय तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचा इतिहास वेगळा आहे, तो या साच्यात कोंबू नये. पण हे तीन प्रश्न तिथेही विचारायला हरकत नाही.

प्रिन्स एडवर्डच्या मुलांचं पुढे काय झालं, हे सांगून संपवतो. शाळा उघडल्या तेव्हा काही जण परतले, काहींचं वय निघून गेलं होतं. तब्बल चाळीस वर्षांनी व्हर्जिनिया राज्याने खेद व्यक्त केला आणि शाळा बंद असताना शिक्षण हुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. तोवर ही 'मुलं' पन्नाशी ओलांडलेली होती. काहींनी त्या पैशातून बारावीच्या तोडीची परीक्षा दिली, काही कॉलेजात गेले. मोटन हायस्कूलची जुनी इमारत आता संग्रहालय आहे. अमेरिकेच्या संसद भवनात व्हर्जिनियाच्या वतीने सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा होता, तो डिसेंबर २०२० मध्ये काढला गेला, आणि त्या जागी बार्बरा जॉन्सचा पुतळा ठेवायचं राज्याने ठरवलं.

शिष्यवृत्ती आणि पुतळा हे चांगलंच झालं. पण सात वर्षांच्या मुलाची पहिली-दुसरी त्याला पन्नाशीत परत देता येत नाही. धोरणाची चूक सुधारायला न्यायालयाला पाच वर्षं लागली, आणि मुलाकडे थांबायला पाच वर्षं नव्हती. शाळेच्या धोरणावर बोलताना हा हिशेब आपण आधी मांडावा, एवढीच विनंती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.